सभेतलं बोलणं सोडा, सही केलेला कागद धरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमच्या जिल्हा परिषदेचे एक सभापती सभांमधून घराणेशाहीवर तोंडसुख घेत होते आणि विधानसभेची उमेदवारी त्यांनी स्वतःच्या मुलालाच मिळवून दिली. फुकट वाटपाला नावं ठेवणारं भाषण संपलं आणि तासाभरात त्याच गावात साड्यांचे गठ्ठे उतरले. आचारसंहिता लागल्यानंतरही त्यांची सरकारी गाडी तुम्ही प्रचारात पाहिली. जाब विचारलात तर "निवडणुकीत बोलायचं असतं हो" म्हणून ते हसले. या दुटप्पीपणावर कायद्यात काही औषध आहे का, आणि साध्या मतदाराने तक्रार केली तर पुढे तिचं काय होतं, असं तुम्ही विचारलंय.

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. निवडणुकांमध्ये आचारसंहिता कक्ष, भरारी पथक आणि खर्च तपासणी ही तिन्ही कामं केली आहेत. म्हणजे तुमच्यासारख्यांचे अर्ज ज्या टेबलावर येतात, त्या टेबलाच्या मागे मी बसलेलो आहे. तिथून जे दिसलं ते सांगतो.

आधी न आवडणारी गोष्ट. ढोंगाला शिक्षा नाही. घराणेशाहीवर टीका करून मुलाला उभं करणं हा गुन्हा नाही, आचारसंहितेचा भंगही नाही. मागच्या निवडणुकीत ज्या प्रकल्पाला विरोध केला त्याचं या वेळी श्रेय घेतलं, तरी तेच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(४) मध्ये खोट्या विधानाचा उल्लेख आहे, आणि लोक त्यावरच बोट ठेवून येतात. पण ते कलम आहे दुसऱ्या उमेदवाराचं चारित्र्य, वर्तन किंवा उमेदवारी यांविषयी जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानापुरतं. स्वतःच्या कामाच्या थापा त्यात बसत नाहीत. जाहीरनाम्याचंही तसंच. जाहीरनाम्यातली आश्वासनं हा कलम १२३ खालचा निवडणुकीतला गैरप्रकार ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात म्हटलं. त्या निकालातच निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं होतं, म्हणून २०१४ पासून आश्वासनासाठी पैसा कुठून येणार हे जाहीरनाम्यात सांगावं, अशी तरतूद आचारसंहितेत आली. सांगतं कोण, ते तुम्ही पाहताच.

मला स्वतःला यात फारसं चुकीचं वाटत नाही. उद्या ढोंग हा गुन्हा ठरवला तर कोण ढोंगी हे ठरवायला एखादा अधिकारी बसणार, आणि त्या अधिकाऱ्याची बदली कुणाच्या हातात असते हे मी चांगलंच पाहिलंय. त्या भागाचा निकाल मतदारानेच लावलेला बरा.

पण तुमच्या तक्रारीत दुसरा भाग आहे, आणि तो रागाच्या भरात पहिल्यात मिसळून गेलाय. सरकारी गाडी, साड्या, सभेचा खर्च, मुलाचं शपथपत्र. इथे माणूस बोललेला नाही, त्याने काहीतरी वापरलंय, वाटलंय किंवा सही करून लिहून दिलंय. यंत्रणा हलते ती फक्त इथे. आमच्याकडे आलेल्या बहुतेक अर्जांची गत अशी व्हायची की तीन पानं भाषणातल्या विसंगतीवर आणि शेवटच्या ओळीत "तसेच शासकीय वाहनाचा गैरवापर होत आहे". कोणती गाडी, कोणत्या दिवशी, कुठे, काही नाही. असा अर्ज निकाली काढायला कारकुनाला दोन मिनिटं लागतात. "तक्रारीत तथ्य आढळून येत नाही."

गाडीचंच घ्या. निवडणूक जाहीर झाली की मंत्र्यांच्या सरकारी गाडीला घर ते कार्यालय एवढीच मुभा उरते आणि जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या पदाधिकाऱ्यांच्या गाड्या प्रशासन जमा करून घेतं. जमा करायला एखादा दिवस मागेपुढे होतो, आणि गंमत तेवढ्यातच घडते. एकदा रविवारी संध्याकाळी आमच्या पथकाला फोन आला म्हणून आम्ही एका विश्रामगृहावर गेलो. आवारात पांढरी गाडी, 'महाराष्ट्र शासन' या अक्षरांवर वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवलेला, मागच्या सीटवर उपरण्यांची पिशवी. चालक म्हणाला, साहेब खासगी कामाला आलेत. मी लॉगबुक मागितलं. त्या दिवसाची नोंद होती: १४२ किलोमीटर, प्रयोजन 'कार्यालयीन कामकाज', खाली सही. रविवारी कार्यालय बंद. पिशवीबद्दल काय वाटेल ते सांगता आलं असतं, पण त्या सहीबद्दल कुणालाच काही सांगता येईना. गाडी त्याच रात्री जमा झाली आणि नोटीस निघाली. नोटिशीचं पुढे फार काही झालं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण गाडी पुन्हा बाहेर निघाली नाही, आणि तेवढे पंधरा दिवस समोरच्या उमेदवाराला जड गेले नाहीत.

म्हणून गाडी दिसली तर नंबर, वेळ, ठिकाण आणि मागे सभेचा फलक येईल असा एक फोटो घ्या. निवडणूक विधानसभेची किंवा लोकसभेची असेल तर आयोगाचं सी-व्हिजिल ॲप वापरा. त्यात फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ जागेवरूनच काढावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, आणि लोकांना याचाच राग येतो. मला मात्र तीच त्याची ताकद वाटते. जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते, आणि तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायची असते, त्यामुळे घड्याळ आमच्या डोक्यावर असायचं. नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पुढे तिचं काय झालं हे ॲपवर पाहता येत नाही. ॲप जमत नसेल तर १९५० वर फोन करा. फोन केल्यावर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका.

साड्यांची गोष्ट जास्त अवघड आहे. मतासाठी वस्तू देणं ही लाच आहे, भारतीय न्याय संहितेत कलम १७० आणि १७३ त्यासाठी आहेत, आणि घेणाराही गुन्हेगार ठरतो. लोक साक्षीला येत नाहीत ते यामुळेच. कोण म्हणेल की मी साडी घेतली? उमेदवाराच्या किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत दहा हजारांवरच्या वाटपाच्या वस्तू सापडल्या तर पथक जप्त करू शकतं, तेव्हा गठ्ठे गाडीत असतानाच कळवलंत तर काही हाती लागतं. घरोघर गेल्यावर आम्ही पोचायचो तेव्हा गाव गप्प असायचं. आणि जप्ती झाली तरी साडी आणि उमेदवार यांच्यात धागा जोडावा लागतो. त्याच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने वाटप झालं, हे निवडणूक याचिकेत, म्हणजे निवड रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात केलेल्या अर्जात, सिद्ध करावं लागतं. बहुतेक गुन्हे 'अज्ञात इसमा'वर दाखल होतात आणि तिथेच राहतात.

कागद टिकतो आणि वाटप टिकत नाही, याचं देशातलं सर्वांत मोठं उदाहरण १९७५ चं आहे. पराभूत उमेदवार राजनारायण यांनी इंदिरा गांधींच्या १९७१ च्या रायबरेलीतल्या निवडणुकीला आव्हान दिलं. याचिकेत रजया, ब्लँकेटं, धोतरं आणि दारू वाटल्याचे आरोप होते. ते टिकले नाहीत. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निवडणूक रद्द केली ती दोन रुक्ष मुद्द्यांवर. इंदिरा गांधींच्या प्रचाराचं काम पाहणारे पंतप्रधान सचिवालयातले अधिकारी यशपाल कपूर यांचा सरकारी नोकरीचा राजीनामा नेमका कधी अंमलात आला, आणि सभांची व्यासपीठं व ध्वनिक्षेपकांची वीज उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांकरवी कशी पुरवली गेली. पुढे संसदेने निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला आणि त्या बदललेल्या कायद्याच्या आधारे ७ नोव्हेंबर १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे पकडलं कागदाने आणि सोडवलंही कागदाने.

आता पैशाकडे येतो, कारण खरा दुटप्पीपणा तिथे लिहिलेला असतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे, लोकसभेची ९५ लाख. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतचा हिशेब उमेदवाराने रोज ठेवायचा असतो. त्या नोंदवहीत पांढरी, गुलाबी आणि पिवळी अशी तीन रंगांची पानं असतात: रोजचा खर्च, रोकड आणि बँक. प्रचाराच्या काळात ती किमान तीनदा तपासणीला आणावी लागते. दुसऱ्या बाजूला आमची स्वतःची छाया नोंदवही. चित्रीकरण पथक सभेचं शूटिंग करतं, दुसरं पथक ते पाहून खुर्च्या, मंडप, गाड्या, झेंडे मोजतं आणि जिल्ह्याने ठरवलेल्या दरपत्रकाने किंमत लावतं. मी हे काम केलंय. रात्री दोन वाजता पडदा थांबवून खुर्च्यांच्या रांगा मोजायच्या, आणि सकाळी उमेदवाराचा माणूस येऊन शपथेवर सांगणार की खुर्च्या दोनशेच होत्या, बाकीचे लोक उभे होते. व्हिडिओत सगळे बसलेले.

इथे तुमच्यासारख्याचा उपयोग होतो. आमच्याकडे पथकं मोजकी, सभा एका वेळी आठ. ज्या सभेला आमचा कॅमेरा नव्हता, तिची नोंद उमेदवार करेल ती आणि तेवढीच. तुमच्याकडे त्या सभेचं सलग चित्रीकरण असेल तर ते खर्च निरीक्षकांकडे अर्जासोबत द्या. भाषण नको, भाषण आम्ही ऐकतच नव्हतो. कॅमेरा गाड्यांच्या रांगेवर, मंडपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. उमेदवाराच्या खर्चाची प्रत नाममात्र शुल्क भरून कुणालाही मिळते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मी कक्षात असताना ती मागणारे बहुतेक वेळा विरोधी उमेदवाराचे लोकच असायचे.

यात एक मोठं भोक आहे, ते लपवत नाही. पक्षाने केलेल्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये अमरनाथ चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला होता. त्याच वर्षी कायद्यात स्पष्टीकरण घालून तो निकाल निष्प्रभ केला गेला. आज नोंदणीकृत मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारक देता येतात आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवारावर पडत नाही. मात्र त्या सभेत उमेदवार व्यासपीठावर आला, किंवा त्याचा फोटो वा नाव फलकावर लागलं, की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या खात्यात जातो. म्हणून मोठ्या नेत्याच्या सभेत उमेदवार कधीकधी खाली पहिल्या रांगेत बसलेला दिसतो. तो नम्रपणा नसतो.

मुलाच्या शपथपत्राबद्दल तुम्ही लिहिलंय की "बापाची सगळी मालमत्ता लपवली". इथे जरा थांबा. नमुना २६ मध्ये, म्हणजे या शपथपत्राच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये, उमेदवाराने स्वतःची, जोडीदाराची, एकत्र कुटुंबाची आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांची माहिती द्यायची असते. कमावता बाप अवलंबून नसतो. बापाची जमीन मुलाच्या शपथपत्रात नसणं ही लपवाछपवी नाही. सभापतींनी पूर्वी कधी विधानसभा लढवली असेल तर त्यांचं तेव्हाचं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. तेव्हा मुलगा अवलंबून म्हणून दाखवला असेल आणि आज त्याच्या नावावर त्याच काळातली जमीन निघत असेल, तर सातबारा आणि फेरफार काढा. फेरफाराची तारीख खोटं बोलत नाही, निदान सहजासहजी नाही.

रकाना कोरा ठेवलेलं शपथपत्र चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. पण भरलेल्या माहितीचा खरेखोटेपणा निवडणूक निर्णय अधिकारी छाननीत तपासत नाही, तो त्याचा अधिकारच नाही. लोक आमच्यावर चिडायचे ते यावरून. त्याऐवजी तुम्ही स्वतः शपथेवर विरोधी शपथपत्र दाखल करू शकता, ते उमेदवाराच्या शपथपत्रासोबत सूचना फलकावर लावावं लागतं. गावात त्याचा परिणाम नोटिशीपेक्षा जास्त होतो, माझा अनुभव आहे. खोट्या शपथपत्रासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, पण त्यासाठी सहसा तक्रारदारालाच न्यायालयात जावं लागतं. तुमचं विरोधी शपथपत्र चुकलं तर तुम्हीही शपथेवर खोटे ठरता, तेव्हा ऐकीव माहितीवर ते करू नका.

घोषणेच्या आधीचे आठवडेही पाहण्यासारखे असतात. आचारसंहिता लागते निवडणूक जाहीर झाल्या क्षणापासून, म्हणून त्याआधी शासन निर्णयांचा पाऊस पडतो. त्यात बेकायदेशीर काही नाही. बेकायदेशीर असतं ते मागची तारीख टाकून नंतर काढलेलं. शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो. तो वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने सुरू होतो आणि पुढे वेळेचे आकडे येतात. वरची तारीख घोषणेच्या आधीची आणि संकेतांक घोषणेनंतरचा दिसला, तर एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, पण विचारायला जागा नक्की होते. कामांचाही नियम असाच साधा आहे. जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू ठेवता येतं. कार्यादेश निघाला पण काम सुरू नाही, तर थांबायचं. घोषणेच्या आदल्या दिवशी रिकाम्या रस्त्याचा काढलेला एक फोटो पुढे फार कामाला येतो, फक्त तो काढायचं त्या दिवशी कुणाला सुचत नाही.

आता माझ्या बाजूचा दुटप्पीपणाही सांगतो, नाहीतर हे उत्तर एकतर्फी होईल. एका निवडणुकीत मी परवानगीपेक्षा एक झेंडा जास्त लावला म्हणून एका अपक्षाच्या रिक्षावर कारवाई केली. त्याच दुपारी साठेक मोटारसायकलींची विनापरवाना फेरी माझ्यासमोरून गेली आणि मी वायरलेसवर "परिस्थिती शांत" म्हणालो. कारण त्या फेरीत कोण होतं ते मला माहीत होतं, आणि निवडणुकीनंतर मला त्याच तालुक्यात राहायचं होतं. लोक म्हणतात आयोग झोपलाय. आयोग म्हणजे शेवटी माझ्यासारखीच उसनी घेतलेली माणसं, दीड-दोन महिन्यांसाठी. लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक असला की माझ्यासारख्याला मागे हटता येत नाही. तोंडी तक्रारीला हटता येतं.

वरच्या पातळीवर आयोगाने मनावर घेतलं तर काय होतं हे एप्रिल २०१९ मध्ये दिसलं. योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना ७२ तास, मायावती आणि मनेका गांधी यांना ४८ तास प्रचारबंदी झाली. सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर झाली, हेही खरं. आचारसंहिता हा संसदेने केलेला कायदा नाही, त्यामुळे तिच्या भंगाला ताकीद, ठपका, प्रचारबंदी एवढंच मिळतं. तुरुंग आणि अपात्रता हवी असेल तर १९५१ चा कायदा किंवा न्याय संहितेतलं कलम लागतं.

अपात्रतेचा रस्ता म्हणजे निवडणूक याचिका. निकालापासून ४५ दिवसांत, उच्च न्यायालयात, आणि उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला मतदारच ती करू शकतो. सहा महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक आठवा. धर्माच्या नावावर मतं मागितल्यावरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब झालं डिसेंबर १९९५ मध्ये. तोवर ती विधानसभा कधीच संपली होती. त्याच प्रकरणातून पुढे १९९९ मध्ये, प्रभूंच्या प्रचारात भाषणं केलेल्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. निकाल लागतो, पण उशिरा. खर्च आणि वकील परवडत असेल तरच त्या वाटेला जा, आणि तेही निकालाचं अंतर कमी आणि पुरावा कागदी असेल तर.

तेव्हा तुमच्या बाबतीत क्रम असा धरा. प्रचार चालू असेल तर गाडी आणि गठ्ठे, तेही त्याच तासाला. मतदान होऊन गेलं असेल तर ते विसरा आणि खर्चाकडे वळा. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला हिशेब सादर करावा लागतो, न केल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. याचिकेचे ४५ दिवस त्याच्याही पुढे पंधराच दिवस चालतात, म्हणजे हिशेब हाती पडल्यावर विचार करायला वेळ फार नसतो. आणि हे सगळं विधानसभा-लोकसभेचं. जिल्हा परिषद, पंचायत समिती, महापालिका ही राज्य निवडणूक आयोगाची हद्द. तिथले नियम वेगळे, न्यायालय वेगळं आणि याचिकेची मुदत याहून बरीच कमी. बरेच जण चुकीच्या आयोगाला पत्र लिहितात आणि मुदत तिथेच संपते.

तुम्ही गाडीचा नंबर लिहून ठेवला आहे, असं तुमच्या प्रश्नात आहे. मग भाषणाच्या क्लिपा बाजूला ठेवा. जिल्हा परिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात त्या नंबरच्या गाडीच्या लॉगबुकची आणि इंधनाच्या पावत्यांची प्रत मागा, घोषणेच्या दिवसापासून गाडी जमा झाल्याच्या दिवसापर्यंतची. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, तेव्हा अर्ज याच आठवड्यात टाका. जोडीला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडून मुलाच्या खर्चाची पांढरी पानं घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून तुम्ही गाडी पाहिलीत ती तारीख शोधा. लॉगबुकात त्या दिवशी 'कार्यालयीन कामकाज' असेल आणि पांढऱ्या पानावर सभा आहे पण वाहन नाही, असं दिसलं तर मला लिहा. पुढचा अर्ज मी करून देतो.